बॅटरीवर १२ लिहिलंय, पण मीटर काय म्हणतोय?

वळवाचा पाऊस सुरू झाला की आमच्या नाशिकच्या सिडकोत लाईट जायचा सीझन सुरू होतो, कुठे फांदी तारेवर पडलेली, कुठे डीपी उडालेला, आणि वायरमन बिचारा भिजत फॉल्ट शोधत फिरतोय. पूर्वी लाईट गेली की लोक गच्चीवर जाऊन गप्पा मारायचे, आता अर्धी बिल्डिंग घरून काम करते त्यामुळे अंधार झाल्या झाल्या पहिला मेसेज येतो की राउटर पॉवर बँकवर चालतो का हो? मी अंबडला इलेक्ट्रिक पॅनलच्या कामात आहे, म्हणजे दिवसभर वायरी, रिले आणि एसएमपीएस (एसीचा डीसी करणारे डबे), त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. मी "चालतो" म्हटलं की समोरचा खूश होऊन फोन ठेवतो आणि "पण" च्या पुढचं ऐकायला कोणी थांबत नाही. ते "पण" च्या पुढचं सगळं आज लिहून टाकतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

सगळ्यात आधी अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचायचं. इनपुटची ओळ सोडून द्या, तिथे १०० ते २४० व्होल्ट असलंच काहीतरी असतं, आपल्याला हवी आउटपुटची ओळ. राउटरवर बहुतेक वेळा १२ व्होल्ट १ अँपिअर किंवा १.५ अँपिअर असतं, काही छोट्या राउटरला ९ व्होल्ट, काहींना ५ सुद्धा असतं, म्हणून शेजाऱ्याचं बघून काही ठरवू नका. आकड्याशेजारी एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी, म्हणजे बॅटरीतून येते तशी वीज, आणि नागमोडी रेघ असेल तर एसी, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमधली. जुन्या मॉडेमचे आणि काही खेळण्यांचे अडॅप्टर एसीच बाहेर देतात, असं काही असेल तर तिथे बॅटरीचा विचारच करू नका.

आता व्होल्ट आणि अँपिअरचा घोळ. लोक घाबरतात अँपिअरला आणि बिनधास्त असतात व्होल्टबद्दल, म्हणजे बरोबर उलटं. १ अँपिअरच्या राउटरला २ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर जास्त करंट जाऊन जळेल असं मला चांगल्या शिकलेल्या लोकांनी सांगितलंय. तसं काही नसतं. पंगतीत भाताचं पातेलं केवढं का मोठं असेना, जेवणारा पोटापुरतंच घेतो, ते पातेलं म्हणजे अँपिअर. व्होल्ट म्हणजे वाढणाऱ्याचा आग्रह, तो जास्त झाला की जेवणाऱ्याचे हाल. म्हणून अँपिअर लेबलवर आहे तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत, आणि व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे, आणि माझ्या मते नव्वद टक्के राडे इथेच होतात: अडॅप्टरवर १२ लिहिलेलं असेल तर त्यातून साधारण १२ च येतात, पण बॅटरीवर १२ लिहिलेलं असेल तर त्यातून कधी साडेदहा, कधी पावणेतेरा तर कधी साडेचौदा येतात.

का, ते बघा. लिथियम आयनचा एक सेल, म्हणजे पॉवर बँकेत, लॅपटॉपमध्ये असतो तो, त्याच्यावर ३.७ लिहिलेलं असतं. पण पूर्ण चार्ज झाला की तो ४.२ ला असतो आणि रिकामा होत आला की ३ च्या आसपास. असे तीन सेल एकापुढे एक जोडले की दुकानदार त्याला "१२ व्होल्टचा लिथियम पॅक" म्हणतो, प्रत्यक्षात त्याचा प्रवास १२.६ पासून ९ पर्यंत. दुसरी जात म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, ते ई-बाईक आणि सोलरवाले वापरतात ती, तिचा सेल ३.२ चा, चार सेलची बॅटरी १२.८ ची, पण चार्ज होताना ती १४.६ पर्यंत जाते. हिलाही दुकानात १२ व्होल्टचीच म्हणतात. आणि आपली नेहमीची ड्राय बॅटरी, लेड ॲसिडची, ती भरलेली आणि निवांत बसलेली असताना १२.७ च्या आसपास, चार्जरवर असताना १४.४ पर्यंत, आणि साडेदहाच्या खाली गेली तर तिची तब्येत कायमची बिघडायला लागते. तीन वेगळ्या वस्तू आणि तिन्हींवर तोच १२ चा स्टिकर.

आता याने राउटर जळतो का? प्रत्येक वेळी नाही. आत एक छोटं सर्किट असतं जे १२ चे ५ किंवा ३.३ करतं, त्याला थोडं वरखाली चालतं, म्हणून १२.६ वाला पॅक बहुतेक राउटर निमूट सहन करतात. पण त्या सर्किटच्या तोंडाशी जो कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा छोटा डबा, बसवलेला असतो तो स्वस्तातल्या वस्तूंमध्ये बऱ्याचदा १६ व्होल्टचा असतो, त्याला रोज साडेचौदा दिले तर तो लगेच फुटणार नाही पण त्याचं आयुष्य नक्की कमी होणार, त्यात मे महिन्यातलं आपलं ऊन. मग सहा महिन्यांनी राउटर सारखा रीस्टार्ट व्हायला लागतो आणि शिव्या इंटरनेट कंपनीला पडतात.

माझा मावसभाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतो. त्याच्याकडे फवारणीचा पाठीवरचा चार्जिंगचा पंप आहे, त्यात १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची, म्हणजे ढोबळ मानाने १ अँपिअर आठ तास देईल एवढी ड्राय बॅटरी. एका फोनवर सहज म्हणाला, "दादा, पंपाची बॅटरी १२ ची, राउटर १२ चा, दोन वायरी जोडल्या, मस्त चालतोय."

"चार्जिंगला लावलेली असताना पण चालूच असतो?"

"मग, काढायचा कशाला? उलट बरंय ना, लाईट आली की चार्ज होते, गेली की चालतो, आपोआप."

आयडिया खरंच चांगली आहे, यात वाद नाही, शेतकरी माणसाचा जुगाड असाच असतो. फक्त चार्जिंग चालू असताना राउटरला चार्जरचेच व्होल्ट मिळतात, बॅटरीचे नाही, आणि पंपासोबत येणारा तो हलका चार्जर किती वर जाईल हे त्याचं त्यालाच माहीत. मी त्याला व्होल्ट मोजायचा मीटर लावायला सांगितलं, १४ च्या वर दाखवत होता. मग मध्ये एक बक-बूस्ट मॉड्यूल टाकायला लावलं, हे आत साधारण ९ पासून १५ पर्यंत काहीही आलं तरी बाहेर १२ च देतं. घेताना नुसतं "बक" घेऊ नका, ते फक्त कमी करतं, बॅटरी साडेअकराला आली की ते तुम्हाला १२ देऊ शकत नाही. आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी टर्मिनलजवळ २ अँपिअरचा फ्यूज. ही बॅटरी छोटी दिसते पण वायरी एकमेकांना चिकटल्या तर क्षणभर एवढा करंट सोडते की वायरीचं प्लास्टिक वितळून शेड पेटू शकते, आणि शेडमध्ये काय काय पडलेलं असतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. फ्यूज दहा-वीस रुपयांत येतो.

किती वेळ चालेल याचा हिशोब सोपा आहे. राउटरच्या लेबलवर १ अँपिअर असला तरी तो जास्तीत जास्तचा आकडा असतो, माझ्या घरचा मोजला तर अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातो. लेड ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे ८ मधले ४ आपले, ४ भागिले अर्धा, आठ तास, त्यातून मॉड्यूलचं नुकसान वजा करून सहा-सात धरा. एवढा वेळ लाईट गेली तर राउटरपेक्षा फ्रीजमधल्या दुधाची काळजी करा.

बरं, पॉवर बँक. साध्या यूएसबीतून ५ व्होल्ट येतात, राउटरला हवे १२, म्हणून बाजारात ५ चे १२ करणारी केबल मिळते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला गोल पिन, मध्ये एक फुगीर गाठ. ही केबल चालते, पण हिशोब करून. १२ व्होल्ट १ अँपिअर म्हणजे १२ वॉट, तेवढेच वॉट ५ व्होल्टमधून ओढायचे तर २.४ अँपिअर लागतात आणि केबलच्या आतलं नुकसान धरलं तर पावणेतीनच्या घरात. पॉवर बँकेच्या साध्या पोर्टची धाव २ किंवा २.४ पर्यंत. म्हणून होतं काय की राउटर सुरू होतो, दिवे लागतात, आणि वायफायवर दोन-तीन जण आले की धप्पकन बंद होऊन परत सुरू होतो. लोक म्हणतात केबल फालतू निघाली. केबलचा दोष नसतो बऱ्याचदा, मागणी जास्त असते. अर्धा अँपिअर खाणाऱ्या राउटरला तीच केबल निवांत चालते.

याहून बरा मार्ग म्हणजे पॉवर बँक स्वतःच १२ देत असेल तर. पॉवर बँकेच्या मागे बघा, ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर, १२ व्होल्ट १.६७ अँपिअर असं लिहिलेलं असतं बऱ्याच २० वॉटवाल्यांवर. पण हे १२ आपणहून येत नाहीत, मागावे लागतात. फोन स्वतः मागतो, राउटरला ती भाषा येत नाही, म्हणून त्याच्या वतीने मागणारी ट्रिगर केबल लागते. आणि इथे एक खाच आहे: यूएसबी पीडीच्या, म्हणजे टाइप-सीवरच्या फास्ट चार्जिंगच्या नियमात ५, ९, १५ आणि २० हे ठरलेले व्होल्ट आहेत, १२ देणं बंधनकारक नाही. काही पॉवर बँक देतात, काही देत नाहीत. देत नसेल तर बऱ्याचशा केबल गपचूप ९ वर येऊन बसतात, आणि १२ च्या राउटरला ९ मिळाले तर तो कधी चालतो, कधी लटपटतो, आणि आपण तासभर इंटरनेटवाल्याच्या कॉल सेंटरशी बोलत बसतो. कमी व्होल्ट म्हणजे सेफ असंही समजू नका, आतलं सर्किट तेवढेच वॉट काढायला जास्त करंट ओढतं आणि तापतं.

ट्रिगरमध्ये एक बटणवाला प्रकार मिळतो, बटण दाबलं की ५, ९, १५, २० असं फिरत जातं. तो मला अजिबात आवडत नाही. बॅगेत कुठेतरी दाबला गेला, २० वर जाऊन बसला, आणि तुम्ही काल चाललं होतं म्हणून आज न बघता पिन खुपसली की राउटरचा कार्यक्रम. १२ ची फिक्स केबल घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

पॉवर बँकेवरचे १०,००० एमएएच (हजार एमएएच म्हणजे एक अँपिअर-अवर) हेही आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशोबाने असतात, म्हणजे ३७ वॉट-अवर. १२ व्होल्टवर नेऊन नुकसान वजा करता अडीच हजार एमएएचच्या आसपास उरतं. ६ वॉटच्या राउटरला पाचेक तास. वाईट नाही, पण २०,००० वाली घेतली तर बरं. दुकानात एमएएच वर भांडण्यापेक्षा वॉट-अवर विचारा, दुकानदार गोंधळला तर स्वतः वाचा, आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) मार्क व आर ने सुरू होणारा नंबर आहे का तेही बघा.

राउटरसाठी जे छोटे यूपीएस मिळतात ते खरं तर सगळ्यात सोपं, लावा आणि विसरा. एम.जी. रोडला किंवा ऑनलाईन, कुठेही घ्या. फक्त त्यातले अगदी स्वस्त काही आतल्या तीन सेलचे व्होल्ट जसेच्या तसे बाहेर सोडतात, म्हणजे सुरुवातीला १२.६ आणि तासाभराने साडेदहा, आणि मग राउटर बॅटरीत थोडं शिल्लक असतानाच मान टाकतो. घरी आणल्यावर लाईट बंद करून मीटर लावा आणि अर्ध्या तासाने परत लावा. आकडा १२ ला चिकटून राहिला तर चांगला आहे, घसरत गेला तर परत करा.

मीटर मीटर म्हणतोय तर तेही सांगतो. तो पिवळा, स्वस्तातला मल्टीमीटर पुरतो. डीसी व्होल्टच्या २० वर ठेवायचा, काळी वायर कॉम मध्ये, लाल वायर व्होल्टच्या भोकात, १० अँपिअरच्या भोकात चुकूनही नाही कारण तिथे लावून बॅटरीला टेकवली की ते थेट शॉर्टच. लाल टोक पिनच्या आतल्या भोकात, काळं बाहेरच्या पत्र्याला. १२ दाखवलं तर आतला पॉझिटिव्ह. उणे १२ दाखवलं तर आतला निगेटिव्ह, आणि मग थांबा.

कारण पिन बसली म्हणजे जुळली असं नसतं. राउटरची गोल पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर, आतलं भोक २.१ चं किंवा २.५ चं, दिसायला अगदी सारखी, २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये लूज बसते आणि वायर हलली की बंद. हे त्रासाचं आहे पण धोक्याचं नाही. धोक्याचं आहे ते पोलॅरिटीचं, म्हणजे अधिक-उणे उलटं लागण्याचं. राउटर, सीसीटीव्ही, सेटटॉप बॉक्स यांना बहुतेक आतला पॉझिटिव्ह असतो, पण संगीतवाल्यांचं जग वेगळं. गिटारच्या ९ व्होल्टच्या पेडलना आतला निगेटिव्ह असतो. कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टच्या कीबोर्डांनाही आतला निगेटिव्ह, आणि नंतरच्या ९.५ वाल्यांना पॉझिटिव्ह. आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळात असा एक जुना कीबोर्ड आहे आणि तिथले काका राउटरची केबल लावून बघतो म्हणत होते. मी म्हटलं, "काका, आधी त्या सॉकेटशेजारचं चित्र बघा, मधला ठिपका अधिकला जोडलाय की उण्याला." काका म्हणाले, "अरे चश्मा लावून सुद्धा दिसत नाही." फोनचा कॅमेरा झूम करून बघितलं, उण्यालाच होता.

सेलवाल्या वस्तूंचं थोडक्यात. आईचं बीपीचं मशीन चार पेन्सिल सेलवर चालतं, १.५ गुणिले चार, ६ व्होल्ट. त्यात साधे रिचार्जेबल टाकले तर ते १.२ चे असतात, म्हणजे ४.८, मशीन चालतं पण सेल संपलेत असं लवकर ओरडतं, नुकसान काही नाही. पण ऑनलाईन त्याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात, १४५०० नावाचे, हुबेहूब पेन्सिल सेल. ते चार टाकले तर पूर्ण चार्जला १६.८ व्होल्ट, ६ च्या मशीनमध्ये. मापावर जाऊ नका, सेलच्या अंगावरचा आकडा वाचा. आणि घरात लहान मुलं टॉर्चमधले सेल काढून रिमोटमध्ये टाकत असतील तर हे सेल घरात आणूच नका.

लिथियमबद्दल अजून एक, हे मात्र गमतीवारी नेऊ नका. लेड ॲसिडच्या चार्जरने लिथियम पॅक चार्ज करू नका. पंपाची ड्राय बॅटरी खराब झाली, तिच्या जागी हलका म्हणून तीन सेलचा लिथियम पॅक टाकला आणि चार्जर तोच जुना ठेवला असं शेतावर सर्रास चालतं. चार्जर १४.४ कडे ढकलतोय, पॅकची मर्यादा १२.६, आणि मध्ये वाचवायला फक्त आतली एक छोटी बीएमएसची, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची पट्टी. ती चांगली असेल तर चार्जिंग तोडून टाकते, नसेल तर वाचवायला कोणी नाही. पॅकसोबत चार्जर घेतलाच पाहिजे, तोही त्याच जातीचा. आणि पत्र्याच्या शेडमध्ये, गाडीच्या डॅशबोर्डवर, उशीखाली चार्जिंग नाही. फुगलेली पॉवर बँक टोचून, दाबून बघायची नाही, वापर बंद आणि ई-कचऱ्यात, भंगारवाल्याकडे नाही.

परवा एका ओळखीच्यांचा फोन आला, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांच्या पालखीसोबत त्यांची दिंडी पंढरपूरला जाते, ट्रकवर भोंगा आणि ॲम्प्लिफायर लावायचाय. ॲम्प्लिफायर १२ व्होल्टचा. ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, १२ अधिक १२, म्हणजे २४, आणि इंजिन चालू असलं की २८ च्या आसपास. त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलेलं की दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घ्या, १२ च मिळतात. मिळतात, खरंय. पण दिवसभर एकाच बॅटरीतून हरिपाठ वाजला की ती उतरत जाते आणि दुसरी भरलेली राहते, ट्रकचा अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो, त्यामुळे भरलेलीला जास्त मार आणि उतरलेली उपाशीच, दोन्ही लवकर जातात. म्हटलं २४ चा १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, ॲम्प्लिफायरच्या मागे किती वॉट लिहिलेत त्याच्या दीडपट घ्या, वायर जाड, फ्यूज बॅटरीपाशी. त्यांनी सगळं लिहून घेतलं, कन्व्हर्टर आणला, मीटर लावून फोटो पाठवला, १२.१. आता त्यांच्यात फक्त भोंगा ट्रकच्या पुढे बांधायचा की मागे यावर भांडण चालू आहे, त्यात मी पडलेलो नाही.